तामलवाडीचा ओढा, भूमची खाण

लेकीला दोन ठिकाणांहून बोलावणं आलं होतं. एक चंद्रपूरकडची कोळशाची खाण, दुसरी सोलापुरातली सल्लागार कंपनी. संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. तीही माझ्यासारखीच मायनिंग इंजिनिअर. एका घरात ही चूक दोनदा झाली.

"सोलापूर बरं. रविवारी घरी येता येईल," स्वयंपाकघरातून हिचा आवाज.

"बाबा, तुम्हीही सल्लागारच झालात ना सुरुवातीला?"

झालो. सुरुवातीला झालो तो अजून आहे. खाणीत एक दिवस न राबता खाणवाल्यांना शहाणपण सांगत आलो. खडीच्या खाणींचे आराखडे करायचे: कुठून खोदायचं, सुरुंग कुठं लावायचा. आमच्यातली रीत अशी, की मागच्या खाणीचा आराखडा उघडायचा, गावाचं नाव बदलायचं. दगड काय, सगळीकडं काळाच.

पहिल्याच वर्षी भूमजवळच्या खाणीवर असा आराखडा वाचून दाखवला. तिथल्या सुरुंग लावणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं विचारलं, "सायेब, उगवतीला ओढा हाय म्हंता?"

"आहे की. बारमाही."

"मग दावा बरं. आमी चूळ भरायला बी कॅन वाहून आणताव."

ओढा तामलवाडीचा होता. गाव बदललं, ओढा तसाच राहिला.

हा किस्सा मी लग्नाकार्यात इतक्यांदा सांगितलाय, की लेकीनं हसायची तयारी केली होती. मी मात्र आज पहिल्यांदाच पुढचं सांगितलं. मिस्त्री मावळतीकडं बोट करून म्हणाला होता, "आन् ही मजुरांची वस्ती कागदात न्हाय तुमच्या." मी ठरवलेल्या सुरुंगाचे दगड थेट तिथं पडले असते. वाळत घातलेली लुगडी दिसत होती.

"मग?"

"त्यानं जागा बदलली. मी आराखड्यात वस्ती घातली, ओढा काढला."

"आणि नंतर खाणीत का नाही गेलात?"

"पुढच्या वर्षी जाऊ म्हणत राहिलो. खुर्ची होती, पंखा होता. दरवर्षी पुढचं वर्ष यायचंच."

आतलं लाटणं थांबलं होतं. लेकीनं मोबाइल हातात घेतला.

"चंद्रपूरला ऊन लई असतं," मी म्हणालो.

"इथं काय बर्फ पडतो का, बाबा?" म्हणत तिनं उत्तर लिहायला घेतलं.