कोपरमामांची थंडीतली जागा

रविवारी माझा लेख पेपरच्या पुरवणीत छापून आला. बुधवारी तलावावर ठेकेदाराची जाळी आली. शुक्रवारी कोपरमामांनी मला विचारलं, "गुरुजी, यायले कोनं सांगतलं असन?" मी म्हणालो, "माहीत नाही."

कोपरमामा हे नाव गावानं ठेवलेलं. थंडीच्या दिवसांत डोंग्यात पाय ठेवण्याआधी ते उजवी बाही वर सारत आणि कोपर पाण्यात बुडवत. बाळाच्या आंघोळीचं पाणी बाया जसं कोपरानं बघतात, अगदी तसं. बोटांवर त्यांचा भरवसा नव्हता. "बोटायले पान्याची सवय झाली हाय, ते खोटं सांगतेत," ते म्हणत. "कोपर कपड्यात राह्यते, त्याले खरं समजते." मग ओलं कोपर थोडा वेळ वाऱ्यात धरून ते ठरवत, की आज गरी टाकायची की घरी जाऊन शेकोटीजवळ बसायचं. घरी जायचं ठरलं तर कोणी कितीही आग्रह करो, ते मागे वळून बघत नसत.

सौंदडपासून सायकलच्या अंतरावर असलेल्या त्या गावी मी मराठीचा शिक्षक म्हणून बदलून गेलो, ते वर्ष १९९९. मी वर्ध्याकडचा. पुस्तकांपलीकडे मला काही येत नव्हतं आणि कोणाशी बोलणं तर मुळीच जमत नव्हतं. मामांच्या घराला लागून असलेली खोली मी भाड्यानं घेतली. पहिल्या हिवाळ्यात एका रविवारी ते माझ्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "किताब वाचून डोळे गेले असतीन तर चला, पानी पाहून येऊ." मी गेलो. पुढची सहा वर्षं थंडीतले बहुतेक रविवार मी त्यांच्या डोंग्यात काढले.

डोंगा म्हणजे मोहाच्या एकाच खोडातून कोरून काढलेली अरुंद होडी. त्यात दोन माणसं नीट बसत, तिसरं बसलं तर श्वासही जपून घ्यावा लागे. तो मामांचा आणि त्यांच्या साळ्याचा, म्हणजे मामींच्या धाकट्या भावाचा, सोमाभाऊंचा होता. दोघांनी मिळून कोरलेला. सोमाभाऊ मागे उभे राहून बांबूनं डोंगा ढकलत, मामा पुढे बसून गरी टाकत. मी मधे, गुडघे छातीशी घेऊन.

"दाजी, कोपर काय म्हन्ते?" सोमाभाऊ विचारत.

"म्हन्ते, साळ्याले पान्यात ढकल."

"ढकला. मंग बांबू कोन मारन? गुरुजी?"

"गुरुजीच्या हाती बांबू देल्ला तर आपन तिघं बी मासे होऊन जाऊ."

एवढं बोलून दोघं गप्प होत. पुढचे दोन-तीन तास कोणी बोलत नसे. त्या शांततेत मला पहिल्यांदा एखाद्या गावात राहायला आल्यासारखं वाटलं.

गरीला लावायचा चारा निवडण्यात मामांचा सगळा जीव असे. पावसाळ्यात ते सरसकट गांडुळं लावत आणि त्याबद्दल काही बोलतही नसत. थंडीची गोष्ट वेगळी होती. "पावसाळ्यात मासा लगनातल्या पाहुन्यावानी खाते. हिवाळ्यात तो बिमार मानसावानी राह्यते. त्याले थोडं द्या, वासाचं द्या, अन् तोंडापाशी नेऊन द्या." आदल्या दिवशी ते मोहफुलं भिजत घालत. सकाळी त्या पाण्यात लाखोरीच्या डाळीचं पीठ मळत, त्यात जवसाची ढेप, म्हणजे पेंड, कुस्करून टाकत आणि हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळून कोमट फडक्यात गुंडाळत. हा चारा रोहूसाठी. मरळीसाठी एकच लहान झिंगा, तोही जिवंत. मामी चुलीजवळून म्हणत, "घरच्यायले शिळी भाकर अन् मासोळीले गरम गोळे. मी बी तलावात जाऊन राहू का?" मामा हसत नसत. एक गोळी जिभेवर ठेवून चव बघत आणि म्हणत, "मोह कमी झाला."

बाकीचे लोक थंडीतही पहाटे जात. मामा दहा वाजल्याशिवाय निघत नसत. पहाटे जाणारा माणूस मासा नाही, सर्दी घेऊन येतो, असं त्यांचं म्हणणं. सलग तीन दिवस आभाळ मोकळं असलं पाहिजे, धुकं वितळून वर ऊन आलेलं असलं पाहिजे आणि वारा अगदी थोडा. तो वाराही कुठल्या काठाकडे जातो ते ते बघत, कारण उन्हानं तापलेलं वरचं पाणी वारा त्या काठाला नेऊन लावतो. मध्येच एक दिवस ढग आले तर ते मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. हे सगळं मी रात्री खोलीवर येऊन वहीत उतरवून ठेवी. त्यांना ते माहीत होतं. "लिवा, लिवा," ते म्हणत. "मले पोट्टे तर नाही, वही तरी शिकन."

आणि ती जागा. तलावाच्या एका अंगाला पाण्याखाली जुन्या आमराईची खोडं होती. तलाव वाढवला तेव्हा झाडं तोडली, खोडं तशीच राहिली. तिथे जाळं टाकलं की फाटायचंच, म्हणून जाळेवाले त्या बाजूला फिरकत नसत. पण खोडांच्या मधोमध एक खोल खड्डा होता. थंडीत तलावातला मोठा मासा तिथे येऊन थांबत असे, जवळजवळ न हलता. तिथे जायची एकच मोकळी वाट होती. टेकडीवरच्या देवळाचा झेंडा आणि काठावरचं एक पळसाचं झाड यांची सरळ रेघ धरली, तर डोंगा एकाही खोडाला न लागता आत जाई. मामांच्या वडिलांनी ती त्यांना दाखवली होती, त्यांनी सोमाभाऊंना. तिसरा मी.

त्या खड्ड्यातून ते एका दिवसात दोनच मासे काढत. एकदा गरीला लागोपाठ लागत होतं, मी म्हणालो, अजून एक टाका की. ते म्हणाले, "झोपलेल्याले किती मारायचं? अन् यायच्याच पोटात पुढचा पावसाळा हाय." त्यांनी गरी गुंडाळली. मला त्यांनी कधी शपथ घातली नाही. कोणाला सांगू नका, असंही म्हणाले नाहीत. सांगण्याची गरजच त्यांना वाटली नसावी.

लेख मी प्रेमानं लिहिला होता. हे मी बचाव म्हणून लिहीत नाही, कारण त्यात प्रेमाबरोबर हौसही होती. एवढं चांगलं काही माझ्या हातून आधी लिहून झालं नव्हतं. मोहाचं पाणी, कोपर, तीन दिवसांचं ऊन, सगळं त्यात आलं. मामांचं नाव मी बदललं आणि त्यामुळे मला वाटलं की मी काळजी घेतली आहे. पण तलावाचं नाव होतं. झेंडा होता, पळस होता. ती रेघ मला लेखातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटत होती. ती काढून टाकावी असं माझ्या मनातही आलं नाही.

तलावाचा ठेका घेतलेल्या माणसानं गोंदियाहून दोन नावा आणि लहान जाळी आणली. मी शाळेतून काठावर गेलो तेव्हा एक जण टेकडीकडे बोट दाखवून दुसऱ्याला सांगत होता, "झंडा देख, फिर वो पेड़. सीधा चल." तीन दिवस ते मासा काढत होते. ठेका त्यांचा होता, कोणाला काही बोलता येत नव्हतं. मामा पहिले दोन दिवस काठावर उकिडवे बसून राहिले. पोट फुगलेल्या रोहू टोपल्यांत पडताना त्यांनी बघितल्या. तिसऱ्या दिवशी ते माझ्या खोलीवर आले, उंबऱ्यावर बसले आणि त्यांनी तो प्रश्न विचारला.

माझं उत्तर ऐकून त्यांनी दोन बोटं वर केली. मग म्हणाले, "दोघायलेच माहीत होतं. तुमाले अन् सोमाले. तुमी कायले सांगसान? तुमाले मासोळीशी काय करायचं हाय. तुमी शिकलेले मानूस." ते उठले. "म्हन्जे सोमानंच."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. पेपर माझ्या टेबलावर, वह्यांच्या खाली होता. मामांना वाचता येत नव्हतं. मी फक्त एवढंच म्हणालो, "सोमाभाऊ असं करणार नाहीत." ते म्हणाले, "तुमी साधे मानूस, गुरुजी."

सोमाभाऊंशी ते भांडले नाहीत. बोलणं थांबवलं. डोंगा काही अर्धा करून वाटता येत नाही, म्हणून त्यांनी तो काठावर पालथा घातला आणि सोमाभाऊंना निरोप पाठवला, की तुला पाहिजे तर ने. सोमाभाऊंनी नेला नाही. मामा पुढे काठावरूनच गरी टाकत राहिले. थंडीत काठावर काही लागत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

दुसऱ्या वर्षी सोमाभाऊंच्या मुलीचं लग्न गोरेगावला झालं. मामी मुलीची सख्खी आत्या. त्या एकट्याच एसटीनं आल्या. आत्याचा मान घेताना त्यांचं लक्ष सारखं मांडवाच्या तोंडाकडे होतं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काऊन बाई, जवाई नाही आला?" मामी म्हणाल्या, "ताप हाय त्यायले." सोमाभाऊंनी मला हाताला धरून पहिल्या पंगतीला बसवलं, स्वतः वाढलं. "घ्या गुरुजी, लाजू नका." मी जेवलो.

सांगायचं मी अनेकदा ठरवलं. एकदा कात्रण खिशात घेऊन गेलोही. मामा ओसरीवर बसून गरीला दोरा बांधत होते. मला बघून त्यांनी चटई सरकवली आणि म्हणाले, "बरं झालं आले. आता बोलाले तुमीच राह्यले." त्यानंतर मला कात्रण काढता आलं नाही. खरं तर हे अर्धंच खरं आहे. त्यांना वाईट वाटेल म्हणून मी थांबलो, असं मी स्वतःला सांगितलं. मला ती चटई सोडायची नव्हती, हेही होतं.

पुढे छातीच्या दुखण्यानं मामा शेवटचे दोन हिवाळे घरातच होते. त्या दिवसांतही सकाळी विचारत, "आज आभाळ कसं हाय?" मी सांगत असे. मोकळा दिवस तिसरा असला की ते खिडकीकडे तोंड करून पडत. सोमाभाऊ रोज घरासमोरून जात. आत येत नसत. एका सकाळी मामा गेले. तिरडीला पुढून खांदा सोमाभाऊंनीच दिला.

तेराव्यानंतर मी सोमाभाऊंच्या शेतावर गेलो. ते बांधावर बसून लाखोरीची भाजी खुडत होते. मी उभ्यानंच सांगितलं, की ती जागा मी पेपरात लिहिली होती.

ते खुडायचे थांबले नाहीत. "मले माहीत हाय."

"कधीपासून?"

"त्याच रविवारपासून. माया पोरीनं वाचून दाखवला होता. बेस लिवलं होतं तुमी."

"मग मामांना सांगितलं का नाही?"

त्यांनी भाजीची जुडी बाजूला ठेवली. "पह्यले वाटलं तुमीच सांगसान. मंग तुमी सांगून नाही राह्यले, तं म्हटलं मी सांगतो. गेलो बी होतो एक दिवस. तुमी दोघं ओसरीत बसून बोलून राहिले होते. दाजीजवळ दोनच मानसं होती, गुरुजी. एक मी, तो तर तुटला. तुमाले बी तोडलं असतं तर तो दिवसभर कोनासंग बोलला असता?" जुडी पुन्हा उचलून ते म्हणाले, "पन तुमी सांगाले पाह्यजे होतं. मी सांगून काय, तो मानला नसता."

त्यांनी ती भाजी मला दिली. मी ती घेतली.

त्यानंतर माझी बदली दवनीवाड्याकडे झाली. तलावाचं नाव या वेळी मी लिहिलेलं नाही. वह्या माझ्याजवळ आहेत. मामी आता सोमाभाऊंच्या घरी राहतात. मी महिन्यातून एकदा जातो, त्या मला चहा करून देतात आणि भाऊ घरात नसला की हळूच म्हणतात, त्यानं तसं कराले नव्हतं पाह्यजे. हे लिहिलेलं त्या वाचणार नाहीत. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.