दहा दिवसांचं सुतक

काकांना आमच्या थोरल्या आजोबांनी रीतसर दत्तक घेतलं होतं की नुसतंच वाढवलं होतं, हा प्रश्न थोरले आजोबा जिवंत असेपर्यंत उज्जैनात कुणाला पडला नव्हता. ते गेले आणि तेराव्याची पानं उठायच्या आत माझ्या वडिलांना, म्हणजे त्यांच्या सख्ख्या पुतण्याला, तो पडला. घर वडिलोपार्जित, वाटणी न झालेलं. काका दत्तक ठरले तर अर्धं त्यांचं, नाहीतर सगळं वडिलांचं.

रियासत नुकतीच संपली होती. दरबारात दत्तकाची नोंद झाली होती, असं थोरली आजी सांगायची. काका त्या नोंदीमागे आधी ग्वाल्हेरला गेले, मग इंदूरला. तेवढ्यात राज्यांची पुन्हा मोडतोड झाली. खिडकीतला बाबू म्हणाला, “रिकॉर्ड तो भोपाल चला गया, साहब.” भोपाळला कुणी दाद दिली नाही. दत्तकाचा होम सांगणारे गुरुजी केव्हाच वारले होते.

शेवटी घरातच चार नातेवाईक बसवले. वडिलांनी एकच मुद्दा काढला. पूर्वी काकांचे जन्मदाते वडील देवासला वारले, तेव्हा काका पुरे दहा दिवस सुतकात बसले होते. दत्तक गेलेला मुलगा जन्मदात्याचं सुतक तीनच दिवस धरतो, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग हे दहा दिवस कसे बसले?

थोरली आजी दाराआडून बोलली, “मीच म्हटलं त्याला, बस. बाप होता त्याचा. तीन दिवसांत उठवायला माझं मन नाही झालं.”

“ऐकलंत ना?” वडील म्हणाले. “काकूच म्हणतायत, बाप होता.”

चौघांनी माना हलवल्या. आजीचा चांगुलपणाच तिच्या मुलाच्या मुळावर आला. मी तेव्हा परकरात होते, पण त्या हलणाऱ्या माना आठवल्या की अजून संताप येतो. काका भांडले नाहीत. आजीला घेऊन फ्रीगंजात एका खोलीत राहायला गेले. ती तिथंच वारली. तिचंही सुतक त्यांनी पुरे दहा दिवस धरलं. आमच्याकडून कुणी फिरकलं नाही.

पुढं काकाही गेले. त्यानंतर एकदा वडील माझ्या मुलाला आपल्या आणि काकांच्या लहानपणच्या गमती सांगत होते.

“त्याला नवे कपडे, चांदीची वाटी. होमाचा धूर डोळ्यांत गेला, तर काकू पदरानं त्याचेच डोळे पुसत होत्या. माझेही झोंबत होते की! मी रडून घर डोक्यावर घेतलं.”

मुलगा हसला. वडीलही हसले.

मी विचारलं, “कसला होम होता, बाबा?”

“दत्तकाचा. दुसरा कसला?” ते म्हणाले, आणि मग त्यांनी पाणी मागितलं.