आजोबांचं पिस्तूल आणि अण्णांचे हात

सुरुवातीलाच सांगतो, मी ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवतो. भूत, करणी, अंगात येणं... कुणी असलं काही काढलं की मी उठून चहा टाकायला जातो. तरी हे लिहितोय, कारण मी तिथं समोरच बसलो होतो.

आम्ही मूळचे भोकरचे, आता नांदेडला असतो. घरात आजोबांचं एक जुनं लष्करी पिस्तूल आहे, रीतसर लायसन्सचं. माझे वडील, म्हणजे अण्णा, पोटात असतानाच आजोबा वारले. त्यांचा फोटोसुद्धा नाही. थोरले चुलते सांगायचे, हैदराबादच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी आजोबांनी ते एका रझाकाराकडून हिसकावलं. भावकी मात्र कुजबुजायची — "कशाचं हिसकावलं! तो सोताच निजामाच्या फौजेत होता." अण्णा मास्तरकी करून रिटायर झाले, पण मनातलं हे कुसळ काही निघालं नाही. यंदा म्हणाले, "माझा बाप कोण होता, तेवढं कळू दे रे. मग मी मोकळा."

म्हणून अण्णांना आणि पिस्तूल घेऊन लातूरला साडूंकडं गेलो. साडू फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. जेवणं झाल्यावर त्यांनी पिस्तूल उजेडात धरलं आणि कपाळावर हात मारला.

"सर, ह्याचे शिक्के कुठं गेले? कुणाच्या फौजेचं ते त्यावरनंच कळतं."

कुठं जाणार! खंडेनवमीला आमच्याकडं ते पुजतात, आणि पुजायच्या आधी देवाच्या तांब्या-पितळेसोबत चिंच-राख लावून घासतात. नंबर, छाप, सगळं आम्ही इतकी वर्षं भक्तिभावानं घासून टाकलेलं.

"लई पुण्य केलंत," साडू म्हणाले. "बरं, उघडून बघू. आत काही असंल तर." पण ते उघडेना. तेल सोडलं, जोर लावला, घामाघूम झाले. "न्हाई हो. गंजून बसलंय."

तेवढ्यात अण्णा म्हणाले, "आण इकडं."

अण्णांना कंपवात आहे. शर्टाची बटणं मी लावतो, चहा अर्धाच कप देतो. पिस्तुलाला हळद-कुंकू वाहण्यापलीकडं त्यांनी कधी हात लावलेला नाही. मी "अण्णा, राहू द्या" म्हणेपर्यंत त्यांनी ते घेतलं... आणि थरथर बंद! अंगठ्यानं खटका दाबला, मनगटाला एक झटका दिला, नळी पुढं वाकली. गोळ्यांची घरं रिकामी आहेत का ते पाहिलं, नळीतून उजेड बघितला, फट्‌दिशी मिटवलं आणि मूठ पुढं करून साडूंना परत दिलं. रोजचं काम असावं तसं.

साडू उभेच राहिले. "अण्णा, तुम्ही फौजेत होता?"

"न्हाई बा."

"मग हे... हे नुसतं बघून येत न्हाई. कवायत लागती ह्याला. वर्षानुवर्षं हातात असल्याबिगर असा हात बसत न्हाई."

तोवर अण्णांचे हात पुन्हा थरथरायला लागले होते. पिस्तुलाच्या आतही कुठं छाप निघाली नाही.

नांदेडच्या डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, कंप थांबतो कधी कधी, थोडा वेळ. मान्य. पण न शिकलेलं येतं कसं? त्यावर त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. खरं सांगतो, मला ह्या न सुटणाऱ्या कोड्याचा राग येतो.

परतीच्या वाटेला लागलो. मला वाईट वाटत होतं. कवायतीचा हात होता म्हणजे आजोबा फौजेतलेच, हिसकावल्याची गोष्ट गेलीच की! अहमदपूर मागं पडल्यावर मी म्हणालो, "अण्णा, मनाला लावून घेऊ नका. ते निजामाकडं असले तरी—"

"असू दे की." ते मांडीवरच्या आपल्या थरथरत्या हातांकडं बघत होते. "कुणाकडून लढला ते त्याचं त्याला ठाऊक. मी बापाला कधी बघितलंच न्हाई रे... आज त्याचे हात तरी बघितले."