दोन्हीकडं फायबर

अख्ख्या सोलापुरात ‘पाणी किती दिवसांनी येतं?’ हे न विचारता घर बघायला निघणारा माणूस एकच, आणि तो नात्यानं माझा थोरला साडू लागतो. कुर्डुवाडीला रेल्वेत उभी हयात काढून ते निवृत्त झाले, सोलापुरात घर घ्यायचं त्यांनी मनावर घेतलं आणि माझे सगळे रविवार कामी आले. घरात शिरायचे ते हात लांबवून. हातात मोबाईल, मोबाईलवर नेटवरची कुस्ती. स्वयंपाकघर, गच्ची, न्हाणीघर, जिन्याखालची अडगळ, सगळीकडे ती कुस्ती फिरवून आणायची. पैलवान मध्येच हवेत अडकला की घर नापास. होटगी रस्त्यावरच्या एका बंगलीत वारा असा सुरेख की पंख्याची गरज नाही, पण खालच्या पैलवानाची पाठ काही केल्या मातीला लागेना. “चला पाव्हणं,” साडू म्हणाले, “हितं मानूस ऱ्हाऊ शकत न्हाय.” घरमालक अजून आमच्यासाठी चहाच गाळत होता.

शेजाऱ्यांनाही सुटका नव्हती. ओळख ना पाळख, भर दुपारी दार वाजवून विचारायचे, “तुमच्यात नेट कसं चालतंय?” एका घरी लोकांनी आग्रहानं बसवून आम्हाला कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायला घातली. तृप्त होऊन खाली उतरल्यावर ध्यानात आलं की नेटचं विचारायचं राहिलंच. साडू पुन्हा वर गेले आणि दही खाऊन आले. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या आक्कांनी, देवघर कुठं करायचं म्हणून विचारलं की म्हणायचे, “आदी राउटर कुटं बसतोय ते बघू. देवाला काय, कुटंबी रेंज हाय.”

खटाटोपाचं कारण मात्र चेष्टेचं नव्हतं. त्यांची एकुलती लेक पुण्याला कंपनीत होती. घरून काम करायची परवानगी तिला मिळाली होती. “अप्पा, नेट पक्कं असेल तर मी येते,” असं तिनं सांगितलं होतं. आमच्याकडची पोरं पुण्याला गेली की सणापुरती येतात. ही कायमची यायला निघाली होती, आणि मध्ये फक्त एक वायर होती.

शेवटी विजापूर रस्त्यावरच्या एका फ्लॅटचा एजंट फोनवर सापडला. साडूंनी विचारलं, “फायबर हाय का?”

“हाय की सायेब! एक न्हवं, दोन! दोन्हीकडं फायबर!”

दोन लाइनी! एक तुटली तर दुसरी! साडूंनी त्या आनंदात कुस्ती न लावताच विसार देऊन टाकला, पेढे वाटले, लेकीला कळवलं. तिनं पुण्यातली खोली सोडली. मग आम्ही घर बघायला गेलो. “फायबर कुटाय?” साडूंनी विचारलं. एजंटनं अभिमानानं न्हाणीघराच्या दारावर टकटक केलं, मग शेजारच्या संडासाच्या. “ही बगा की. पान्यानं फुगत न्हाय, वाळवी लागत न्हाय.”

मी खो खो हसलो. साडू मात्र खिडकीच्या कट्ट्यावर मटकन बसले. “पाव्हणं, पोरीनं खोली सोडली की वो,” एवढंच म्हणाले, आणि माझं हसू जागच्या जागी विरलं.

केबलवाला म्हणाला, एका घरासाठी वायर ओढणार नाही, निम्मी इमारत तयार करा. झालं! चौकशा करणारे साडू आता दारोदार गळ घालू लागले. तळमजल्यावरच्या आजोबांना कुस्त्यांचं आमिष, वरच्या बाईंना नातवाच्या अभ्यासाचं. “घ्या की वो, माजी पोरगी येनार हाय,” असं शेवटी शेवटी सरळच सांगायचे, आणि त्यालाच लोक कबूल व्हायचे. वायर आली. तिच्या मागोमाग लेक आली.

आता ती दिवसभर खोलीचं दार लावून इंग्रजीत बोलत असते. परवा गेलो, तर साडू त्या बंद दारापाशी खुर्ची टाकून नुसते बसलेले.

“काय दादा, कळतंय का काही?” मी विचारलं.

“येक अक्षर न्हाय,” ते हळूच म्हणाले. “पन आवाज फोनमदनं न्हाय की पाव्हणं. घरातनं येतोय.”