पपईकाकांची पावडर

पपईकाकांकडे औषध एकच होतं आणि रोग मात्र जगातले सगळे. गुडघा सुजला, लावा पपईचा चीक. पायाला कुरूप झालं, लावा पपईचा चीक. माधवनगरात आमच्या शेजारी त्यांचं घर, अंगणात पपईची तीन झाडं, आणि तेवढ्या भांडवलावर जमाबंदीच्या कचेरीतला हा कारकून स्वतःला धन्वंतरी समजत असे. संस्थान गेलं, मध्य भारत राज्य आलं, कचेरीवरची पाटी बदलली, शिक्के बदलले. काकांचं मत बदललं नाही. मत बदलायला आधी डोक्यात थोडी जागा लागते.

त्यांची सगळी विद्या मटणाच्या पातेल्यातून आलेली. आमच्या मराठा घरांत बोकड जून निघाला की मटणाला कच्ची पपई चोळायची पद्धत. काका आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून चोळून ठेवलेला तुकडा बोटाने दाबून बघत. तो लोण्यासारखा फाटला की आईला म्हणत, "वहिनी, देख लो! हाडाजवळचं मटण गळतं, तर आपला कफ किस खेत की मूली?"

हा कफ माझ्या धाकट्या बहिणीचा, सुमीचा. ती पाच वर्षांची होती आणि जन्मापासून खोकत होती. कफ असा चिकट की ओढून काढावा लागे. ती मोठ्या माणसाएवढं जेवायची आणि तरी तिच्या बरगड्या मोजता यायच्या. इस्पितळातल्या डॉक्टरांनी क्षय म्हणून इंजेक्शनं दिली, त्यांचा काही उपयोग झाला नाही. आई म्हणायची, "हिचा मुका घेतला की ओठ खारट होतात, असं का?" त्यावर काका हसले. "वहिनी, मीठ भाजीत घाला, पोरीवर नको." बाईमाणसाने काही पाहिलं असेल, हे त्यांना पटतच नसे. खारट घाम ही सुमीच्या खऱ्या, जन्मजात रोगाची मुख्य खूण आणि ती आईच्या ओठांवर होती, हे मला पुढे प्रयोगशाळेत नोकरी करताना कळलं.

काका चीक उन्हात वाळवून त्याची पावडर करत. ती त्यांनी सुमीच्या जेवणात चिमूटभर घालायला सांगितली. आणि नवल म्हणजे ती पोर भरू लागली. दोन महिन्यांत तिचा फ्रॉक काखेत घट्ट झाला. काकांनी भैरवगढच्या छापाचं कापड आणून दिलं, "मोठा शिवा, अब रुकनेवाली नहीं," म्हणाले आणि अख्ख्या आळीला सांगत सुटले. आंधळ्याच्या हाती ससा लागला होता. पण तो ससा आपण धावून पकडला, असं काकांना वाटायला लागलं.

तिथेच घात झाला. जे पोटात चाललं ते छातीत का चालू नये? काकांनी कागदाची सुरळी केली, तिच्यात पावडर भरली आणि सुमीने श्वास घेतला की तोंडात फुंकायची, असा रोज सकाळचा नेम सुरू केला. सुमीचं डोकं मी धरत असे. ती डोळ्यांत पाणी आणून म्हणायची, "काका, आत जळतं." काका म्हणायचे, "जळणारच बेटा, कफ गळतोय." काही आठवड्यांनी थुंकीत रक्त दिसलं. आई घाबरली. काका म्हणाले, "जुनी घाण निघतेय, निघू दे." त्या माणसाला रक्त दिसत नव्हतं, फक्त पातेलं दिसत होतं. आईने मग ती सुरळी चुलीत घातली. त्याच थंडीत सुमी गेली. भैरवगढचा फ्रॉक तेव्हा तिला पुन्हा ढगळ झाला होता.

काकांनी माफी मागितली नाही. तेराव्यानंतर एका सकाळी त्यांनी तिन्ही झाडं स्वतः तोडली, एवढंच. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. नवं राज्य होऊन कचेऱ्या भोपाळला निघाल्या आणि काकांची बदली झाली. आईने बळजबरीने मला स्टेशनवर पाठवलं. गाडी सुटायच्या आधी ते खिडकीतून वाकून हळूच म्हणाले, "ताई, तू सायन्स घेतलंस. सच बता, त्या पावडरीनेच झालं का गं?" मला तेव्हा काही म्हणता काही माहीत नव्हतं. निव्वळ तिरस्काराने मी म्हटलं, "हो." त्यांनी मान हलवली आणि खिडकी लावून घेतली.

पुढे मी शिकले. या रोगात छातीत जंतू ठाण मांडतात. त्यांना मारायला आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि प्रथिनं फोडणारी एन्झाइमं सोडतात. या एन्झाइमांना आवर घालणारं द्रव्य फुप्फुसात असतं, पण त्यांच्या पुरापुढे ते कमी पडतं आणि मग ती एन्झाइमं फुप्फुसाच्याच भिंती खातात. मटण गळवणारी पपई त्याच जातीची. म्हणजे सुमीची छाती आतून जळतच होती आणि काका त्यात तेल फुंकत होते. रोग तिला सोडणार नव्हताच. काकांनी तिला वर यातना दिल्या. पण त्याच काळात परदेशातले मोठमोठे डॉक्टरही अशीच एन्झाइमं रोग्यांच्या छातीत सोडून बघत होते, हेही मी वाचलं. त्या दिवशी काकांना एकट्याला मूर्ख म्हणणं मला जड गेलं.

आणि आणखी एक गोष्ट कळली. या रोगात अन्न पचवणारा रस आतड्यापर्यंत पोचतच नाही, पोर खाऊनही उपाशी राहतं. अशा मुलांना जेवणाबरोबर एन्झाइमं द्यावी लागतात. जेवणातली ती चिमूट बरोबर होती. हे समजलं तेव्हा काकांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझा तो "हो" ते भोपाळला घेऊन गेले आणि त्याच्यासकट मेले. सुमीचा फ्रॉक घट्ट झाला होता तो त्यांच्यामुळेच, हे त्यांना सांगू शकणारी मी एकटीच होते.