तोलायचं राहिलेलं झाड

अध्यापक विद्यालयातल्या विज्ञानाच्या बाई सव्वीस वर्षं एकच प्रश्न विचारत आल्या: झाडाचं लाकूड येतं कुठून? आणि उद्या ज्यांच्या हाती पोरं जायची, ते छात्राध्यापक सव्वीस वर्षं एकच उत्तर देत आले: मातीतून. अहो, हवा आणि पाणी, मातीचं त्यात चिमूटभर, असं बाईंनी घसा फोडून सांगावं आणि सराव पाठाला येरे माझ्या मागल्या. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

म्हणून गेल्या वर्षी त्यांनी पाच किलो वाळवलेली माती तोलून कुंडीत भरली, रोप लावलं. वर्षाअखेरीला ते उपटून तोलायचं, मातीही पुन्हा वाळवून तोलायची. ती जवळपास तेवढीच भरली, की सगळ्यांची तोंडं बंद.

मध्येच बाईंच्या यजमानांनी छातीच्या दुखण्याने अंथरूण धरलं. विरंगुळा म्हणून कुंडी त्यांच्या खोलीत गेली. त्यांना वारा सोसायचा नाही, खिडकीची काच कायम लावलेली. नणंद म्हणाली, झाड माणसाचा श्वास पितं, फेकून दे. बाई हसल्या. पण माणूस काडीसारखा होत गेला आणि झाड कुंडीत मावेना. त्या बंद खोलीत पानं हलायची, ह्यांना धाप लागली की जास्तच. ह्यांना जाऊन महिना झाला तरी हलत होती. बाईंनी फटीसुद्धा बुजवून पाहिल्या. अडाणी असत्या तर अंगारा लावून मोकळ्या झाल्या असत्या. शास्त्र ठाऊक होतं म्हणूनच त्यांना भीती वाटत होती.

तरी कुंडी त्यांनी वर्गात आणली. नाहीतर ही तुकडीही पोरांना मातीच शिकवणार. पंखे बंद केले, तराजू मांडला. मॉनिटर मुलीने बुंध्याला हात घातला, तेवढ्यात मागच्या बाकावरच्या चष्मेवालीने विचारलं, "बाई, हवा म्हणजे झाड जिथे ठेवलंय तिथलीच ना?"

"हो."

"मग हे कुठे होतं?"

"ह्यांच्या उशाशी. शेवटपर्यंत."

मॉनिटरने हात काढून घेतला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच अख्ख्या वर्गाला उत्तर कळलं होतं, आणि आता उपटायला कोणी पुढे येईना.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "नाही तोलायचं."

चाळीस जणांनी श्वास रोखून धरला होता. एकही पान हलत नव्हतं. मग बाईंना हुंदका फुटला, आणि सगळं झाड हललं.