समोशांपर्यंत सगळं सांगणारी

भिलाईत तज्ज्ञ मिळवणं मुळीच अवघड नव्हतं. शाल-श्रीफळ मिळणार म्हटलं की कुठल्याही विषयाचा तज्ज्ञ हजर. नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या टाउनशिपमधल्या एका छोट्या संस्थेने ऐकू न येणाऱ्यांसाठी दुभाषे तयार करायचं ठरवलं आणि शिकायला जाणाऱ्या एकाला अनुदान द्यायचं ठरलं. उमेदवार पारखायला तीन जाणकार हवे होते. मी सेक्रेटरी, त्यामुळे हिंडणं माझ्याकडे आलं. कानाचे डॉक्टर लगेच हो म्हणाले, एक रिटायर्ड प्राचार्यही. काम काय आहे, हे दोघांनीही विचारलं नाही. हातांची भाषा दोघांनाही येत नव्हती, याचं वाईट फक्त मलाच वाटलं.

ती भाषा येणारं माणूस आमच्याच घरी, सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये होतं. माझ्या वहिनीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. लहानपणी नागपूरच्या शाळेत ती हाताने बोलायला शिकली होती. आमच्या घरची भाषा मात्र कामचलाऊ होती. जेवायला या, गॅस संपला, पाहुणे आले, एवढं जमायचं. त्यापुढचं काही असलं की दादा हात हलवून 'नंतर सांगतो' म्हणायचा आणि ते नंतर कधी यायचं नाही. त्या दिवसांत तर पुतणीसाठी स्थळं बघणं चाललं होतं. लेक हिची, आणि बोलणी कुठवर आली ते हिला शेजारणीच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागे. मला त्याचा राग यायचा.

मी तिला परीक्षक व्हायला विचारलं, तर तिने उलट मलाच विचारलं, बाकीचे दोघं काय बोलतात ते मला कोण सांगणार? मी सांगीन म्हटलं. ती हसली आणि दादाचीच खूण करून दाखवली, नंतर. मग तिने अट घातली. उमेदवारांनीच आळीपाळीने तिच्यासमोर बसायचं आणि खोलीत जे बोललं जाईल ते तिला सांगायचं. तीच परीक्षा.

पहिल्या उमेदवाराने डॉक्टरांचं लांबलचक बोलणं एका खुणेत गुंडाळलं. दुसऱ्याने प्राचार्यांच्या भाषणात स्वतःची भर घातली. तिसरी पावर हाउस भागातली मुलगी, तिच्या आई-वडील दोघांनाही ऐकू येत नसे. ती बसलेली असताना डॉक्टर प्राचार्यांच्या कानाशी हळूच म्हणाले, "समोसे अजून आले नाहीत." मुलीने तेही सांगितलं. वहिनी मोठ्याने हसली. इतकी वर्षं तिच्यापासून दूर राहिलेलं हेच तर होतं, माणसं एकमेकांत बोलतात ते किरकोळ काहीबाही. तिने त्याच मुलीला पसंत केलं, आणि समोसे आल्यावर बाकी दोघांनीही.

मुलगी ट्रेनिंगला निघायच्या आत गोंदियाचे पाहुणे पुतणीला बघायला आले. वहिनीने त्या मुलीलाही बोलावून घेतलं. दादा कुरकुरला, "इले कावून बोलावलं? आपण सांगूनच राहिलो ना." वहिनीने लक्ष दिलं नाही. मुलीला समोर बसवून ती पोह्यांच्या बशा देत राहिली.

बोलणं चांगलं चाललं होतं. मुलाच्या आईने आवाज खाली आणला आणि दादाला विचारलं, "पोरीचे लेकरं आयकतीन ना जी?"

दादाने त्या दुभाष्या मुलीला हाताने थांबवलं, हे राहू दे. पण मुलीने त्याच्याकडे न बघता सगळं सांगून टाकलं, आवाज खाली आणल्याचंसुद्धा. वहिनीच्या तोंडावर हे कुणी कधी बोललं नव्हतं, आणि नवऱ्याने ते लपवायला हात केलेलाही तिने पाहिला होता.

तिने बशी खाली ठेवली. तिचे हात सावकाश चालले आणि मुलगी आमच्याच बोलीत, शांतपणे म्हणाली, "त्या म्हणून राहिल्या, एखादं नाही आयकलं तर माह्याजवळ आणून सोडा. मले त्याच्याशी बोलता येते."

मग मुलाच्या आईने दादाकडची नजर काढली, आपली खुर्ची वळवून घेतली आणि पुढचा प्रश्न वहिनीला विचारला.